ड्रॅगनवंशी पात्र बनवताय? पंख जरा थांबू देत

'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' या टेबलावर खेळायच्या भूमिका-खेळासाठी तुम्ही लिहिलेल्या नव्या ड्रॅगनवंशाचा मसुदा वाचला. कुळानुसार खवल्यांचा रंग बदलतो, ही कल्पना झकास आहे. पण पहिल्याच लेव्हलला उडणं, आगीचा श्वास, जाड कातडं आणि वर जादूला प्रतिकार? मग बाकीच्या खेळाडूंनी काय टाळ्या वाजवायच्या?

कोऱ्या कागदावरून सुरुवात करू नका. खेळात आधीपासून असलेला ड्रॅगनवंश, म्हणजे ड्रॅगनबॉर्न, समोर ठेवा आणि त्यातली एखादीच गोष्ट बदला.

- श्वास: २०१४च्या नियमांत त्यासाठी पूर्ण अ‍ॅक्शन (आपल्या पाळीतली मुख्य कृती) खर्च व्हायची आणि विश्रांतीशिवाय तो परत मिळायचा नाही. अनेकांना तो फुसका वाटायचा, मलाही. २०२४च्या नियमांत तो एका हल्ल्याच्या जागी वापरता येतो. तोच उचला.
- उडणं: २०२४मध्ये ते पाचव्या लेव्हलपासून, १० मिनिटं, दीर्घ विश्रांतीमागे एकदाच मिळतं. सुरुवातीच्या शत्रूंपैकी कितीतरी जणांकडे लांबचा मारा नसतो. हवेतून बाण सोडणाऱ्यापुढे लांडगे करणार काय? शिवाय दरी, भिंत, खंदक, डीएमने (खेळ चालवणाऱ्याने) घाम गाळून आखलेलं सगळं वाया.
- प्रतिकार: एकाच प्रकारच्या नुकसानाला. बास.

नवशिक्यांची आणखी एक सवय म्हणजे दहा पानी इतिहास. टेबलावर तो कुणी वाचत नाही. हे लोक कुठे राहतात, इतरांना त्यांची भीती का वाटते, एवढं लिहा.

उपवंश, खास फीट्स (जादा क्षमता) वगैरे नंतर बघू. आधी याच लेव्हलच्या साध्या मानव फायटरबरोबर (लढवय्या पात्राबरोबर) एक लढाई खेळून बघा, आणि मसुदा डीएमला पात्र रंगवण्याआधी दाखवा.