पहिल्यांदाच सुतारकाम काढताय?
भावा, घाई करू नकोस. टिंबर मार्केटात फेरी मारण्याआधी मिस्त्रीनं दोन-तीन वर्षांपूर्वी केलेलं एखादं किचन बघून ये. नवं काम सगळ्यांचंच चकचकीत दिसतं. कोल्हापूरचे दोन पावसाळे काढलेलं कपाटाचं दार अजून नीट लागतंय का, ते बघ.

मग एवढं सांभाळ:

- चौरस फुटाचा दर ठरवताना माप फक्त दर्शनी बाजूचं की आतल्या खणांसकट, हे आधीच लिहून घे. भांडणं बहुतेक इथंच होतात.
- सिंकखालच्या प्लायवर आयएस ७१० चा (पाण्यात टिकणाऱ्या मरीन प्लायचा) शिक्का स्वतः तपास.
- उचल टप्प्याटप्प्यानं दे. मी एकदम दिली होती, काम चार महिने रखडलं.

लॅमिनेट, पॉलिशचं नंतर बोलू. पहिलं माप घेताना बोलव, मी येतो.