पणजोबांनी 1914-15 साली युद्धावरून पाठवलेल्या पत्रात ‘नव्या छावणीत सुखरूप पोचलो’ एवढंच का आहे, गावाचं नाव का नाही?

कारण नाव लिहायला मनाई होती. पत्रं पलटणीत तपासली जात आणि फ्रान्समधून येणाऱ्या हिंदी (भारतीय) सैनिकांच्या टपालावर वेगळे सेन्सॉर अधिकारी बसत. कितीतरी शिपायांना लिहिता येत नसे, ते दुसऱ्याकडून लिहून घेत. म्हणजे मनातलं सांगतानाही समोर कुणीतरी असायचंच. तरी लोक वाट काढत: ‘काळी मिरी’ म्हणजे हिंदी सैनिक, ‘लाल मिरची’ म्हणजे गोरे. काळी मिरी संपत आली, असं लिहिलं की घरच्यांनी काय ते समजायचं. हे वाचताना आजही पोटात कालवतं.

फ्रान्सचा प्रवास साधारण असा होता: मार्सेय बंदर, तिथून रेल्वेने ऑर्लेआं आणि ऑक्टोबर 1914 मध्ये फ्रान्स-बेल्जियम सीमेवरच्या फ्लँडर्सचे खंदक. अनेकांच्या अंगावर तेव्हा सुती कपडेच होते.

पण पणजोबा मराठा पलटणीत असतील, तर आधी मेसोपोटेमिया (आजचा इराक) तपासा. पुणे डिव्हिजनबरोबर मराठा पलटणी बसऱ्याला उतरून तैग्रिसच्या काठाने वर गेल्या. डिसेंबर 1915 पासून तिथल्या कूत गावाला तुर्की फौजेचा वेढा पडला आणि 29 एप्रिल 1916 ला आत अडकलेल्या ब्रिटिश-हिंदी फौजेने शरणागती पत्करली. पत्रावरचा पलटणीचा क्रमांक आणि टपालाचा शिक्का नीट बघा, ठिकाणाचा माग त्यातूनच लागेल.