डिप्रेशनवर केटामाइन: गुण लवकर, पण टिकतो किती?

प्रश्न : नेहमीच्या गोळ्यांना गुण यायला महिना लागतो, मग केटामाइनने काही तासांत बरं कसं वाटतं? (कोथरूड)

एस्सिटालोप्रामसारख्या गोळीने मेंदूतलं सेरोटोनिन पहिल्या दिवसापासून वाढतं, मनाला उभारी मात्र दोन ते सहा आठवड्यांनी येते. म्हणजे ‘सेरोटोनिन कमी म्हणून डिप्रेशन’ हे गणित अपुरंच. केटामाइन हे मुळात भुलीचं औषध. ते ग्लुटामेट या मेंदूतल्या उत्तेजक रसायनाचे एनएमडीए रिसेप्टर, म्हणजे पेशींवरच्या त्याच्या संदेशाच्या जागा, अडवतं. प्रचलित मत असं, की लगाम घालणाऱ्या चेतापेशी आधी गप्प होतात, ग्लुटामेट उसळतं, चेतापेशींना वाढायला मदत करणारं बीडीएनएफ हे प्रथिन वाढतं आणि प्रीफ्रंटल कॉर्टेक्समध्ये, म्हणजे मेंदूच्या पुढच्या भागात, चेतापेशींचे नवे जोड तयार होतात. गंमत म्हणजे २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या उंदरांवरच्या प्रयोगात वागणं आधी सुधारलं, जोड नंतर दिसले. ते जोड मिटवले तेव्हा सुधारणाही टिकली नाही. म्हणजे सुरुवात आणि टिकाव यांची यंत्रणा वेगळी असावी.

प्रश्न : आईला केटामाइनची ड्रिप सुचवली आहे. त्या दिवशी काय सांभाळावं? (हडपसर)

नेहमीचा डोस किलोमागे ०.५ मिलिग्रॅम, ४० मिनिटांत. ६० किलो वजनाला ३० मिलिग्रॅम. भुलीच्या डोसपेक्षा बराच कमी. सहसा सहा तास आधी जेवण आणि दोन तास आधी पाणी बंद करायला सांगतात. पोट भरलेलं असेल तर उलटी श्वासनलिकेत जाण्याचा धोका असतो. ड्रिप चालू असताना रक्तदाब चढतो, म्हणून बीपी आटोक्यात नसेल तर तारीख पुढे ढकला. शरीरापासून सुटल्यासारखं, तरंगल्यासारखं वाटतं. ते बहुधा दोन तासांत ओसरतं. हे आधी सांगितलं नाही, तर माणूस घाबरून ड्रिप उपटतो. पूर्वी भास-भ्रम झाले असतील तर डॉक्टरांना आधीच सांगा. परत नेताना आईंना दुचाकीवर मागे बसवू नका, रिक्षा करा. त्यांनी स्वतः स्कूटर चालवायची ती दुसऱ्या दिवशी, नीट झोप झाल्यावरच.

प्रश्न : एकाच ड्रिपवर भागेल का? (चिंचवड)

नाही. एका ड्रिपचा गुण साधारण आठवडाभरात उतरतो. म्हणून आठवड्याला दोन, असे दोन-तीन आठवडे देतात आणि गोळ्या चालूच ठेवतात. बरं वाटलं म्हणून गोळ्या सोडणं हीच सर्वांत मोठी चूक. फार काळ, वारंवार घेतलं तर मूत्राशयाला सूज येऊ शकते; लघवीला जळजळ झाली तर लपवू नका.

प्रश्न : मग शॉक जुना झाला का? (सिंहगड रस्ता)

मुळीच नाही. खाणंपिणं सुटलंय, आत्महत्येचे विचार तीव्र आहेत, तिथे ईसीटी, म्हणजे हीच शॉकची उपचारपद्धती, आजही भरवशाची. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने भूल आणि स्नायू शिथिल करणारं औषध दिल्याशिवाय ती देता येत नाही. आत्महत्येचे विचार आत्ताच येत असतील, तर अपॉइंटमेंटची वाट न पाहता टेलि-मानस या सरकारी हेल्पलाइनला १४४१६ वर फोन करा.