वाचक विचारतात : काजव्यांच्या गावी जाताना

प्रश्न : सोसायटीतले आम्ही 20 जण जूनच्या पहिल्या आठवड्यात भंडारदऱ्याला काजवे बघायला जाणार आहोत. हॉटेलऐवजी अभयारण्यातल्या गावात, कुणाच्या घरी उतरायचं आहे. काय काळजी घ्यावी? – एक वाचक, नाशिकरोड

उत्तर : आधी शनिवार टाळा. घोटी-बारीमार्गे त्या रात्री गाड्यांची रांग लागते आणि हेडलाइट पडला की अख्खं झाड विझतं. नर चमकून मादीला खूण करतो. उजेडात ती खूण दिसत नाही, जोडी जमत नाही. प्रौढ काजव्याच्या हाती जेमतेम दोन-तीन आठवडे. अमावास्येजवळचा, आठवड्याच्या मधला वार धरा, गाडी गावात ठेवून चालत जा. टॉर्चला लाल जिलेटीन कागद दुहेरी लावा, झोत जमिनीकडे. डोळे अंधाराला सरावायला वीसेक मिनिटं लागतात. मधेच एकाने मोबाइल उघडला की सगळ्यांचं पहिल्यापासून. झाडाखाली शिरू नका, अंडी ओल्या मातीत असतात. डासांचा स्प्रेही नको, पूर्ण बाह्यांचे कपडे घाला.

गाडी लावताना खाली बघा. खाचराच्या कडेला काळा, जळका चौकोन दिसेल. शहरी डोळ्यांना ती पार्किंगची जागा वाटते. तो राब असतो. शेण, पालापाचोळा, फांद्या थराथराने रचून भाजलेला. पाऊस पडला की त्यातच भाताचं बी टाकतात. चाकं फिरली तर माती दबते, रोप विरळ उगवतं आणि आवणीला, म्हणजे लावणीला, कमी पडतं.

20 जण एका घरात नको, दोन-तीन घरांत विभागून राहा. अडचण जेवणाची नाही, पाण्याची. धरण शेजारी असलं तरी तेव्हा वाड्यांच्या विहिरी तळाला गेलेल्या असतात. माणशी 40 लिटर धरलं तर 800 लिटर होतात, म्हणजे 15 लिटरचे पन्नासहून जास्त हंडे. आणि ते बहुधा घरातल्या बायकाच वाहतात. अंघोळ नाशिकला परतल्यावर करा, माणशी 15 लिटरांत भागतं. संडासाच्या शोषखड्ड्याखाली कातळ असेल तर पाणी मुरत नाही, एका रात्रीत तुंबतं. वाइप्स, पॅड त्यात टाकू नका, परत आणा. जेवणारी माणसं आदल्या दिवशी नक्की कळवा. नागलीची (नाचणीची) भाकरी ऐन वेळी दहाने वाढत नाही.

प्रश्न : मुलांनी दोन-चार काजवे बरणीत आणले तर चालेल का? – एक वाचक, सिडको

उत्तर : नाही. अभयारण्यातून परवानगीशिवाय कीटकही उचलता येत नाही. त्यापेक्षा ओल्या जागी मंद चमकणारी अळी दिसली तर मुलांना तिथेच दाखवा. ती गोगलगाई खाते.