पोट भरल्यावरही हात का थांबत नाही?

प्रश्न : माझे वय 52 आहे. आमचे सहा जणांचे कुटुंब आहे. सगळ्यांची जेवणे आटोपल्यावर दुपारी अडीचच्या सुमारास मी जेवायला बसते. पोट भरलेले असते, ते मला कळतेही. तरी पातेल्यात उरलेला वाटीभर भात, एखाद-दुसरी चपाती, नातवाच्या ताटातली भाजी हे सगळे संपवूनच उठते. मग छातीत जळजळते आणि अंग जड होते. अलीकडच्या तपासणीत एचबीए1सी (गेल्या सुमारे तीन महिन्यांतील रक्तातल्या साखरेची सरासरी दाखवणारी चाचणी) 6.1 आले, म्हणून डॉक्टरांनी खाण्यावर नियंत्रण ठेवायला सांगितले आहे. दर सोमवारी मनाशी ठरवते आणि दोन दिवसांत ते मोडते. ही सवय कशी सुटेल?
— एक वाचक, सातारा जिल्हा

उत्तर : पोट भरल्याचे तुम्हाला कळते, हे तुमच्या पत्रातले सर्वांत महत्त्वाचे वाक्य आहे. शरीराची सूचना देणारी यंत्रणा शाबूत आहे, एवढे त्यावरून स्पष्ट होते. मात्र जेवण कधी संपवायचे हे ठरवण्याचा अधिकार तिच्याकडे राहिलेला नाही, तो पातेल्याकडे गेला आहे. पातेले रिकामे झाले की तुमचे जेवण संपते. सोमवारचा निश्चय मोडतो तोही याचमुळे, कारण तो पाळण्याची वेळ नेमकी तेव्हा येते, जेव्हा समोर अन्न उरलेले असते, ते खाणारे घरात दुसरे कोणी नसते आणि टाकून द्यायला हात धजत नाही. अशा क्षणी कोणाचाही निश्चय टिकणे अवघड आहे. त्यामुळे स्वतःला दोष देणे आधी थांबवावे, अशी माझी तुम्हाला मनापासून विनंती आहे.

शरीरात काय घडते, तेही समजून घ्यावे. जठर ताणले जाऊ लागले की त्याच्या भिंतीतील मज्जातंतूंची टोके व्हेगस नावाच्या मज्जातंतूमार्फत मेंदूला ते कळवतात. अन्न लहान आतड्यात उतरू लागले की तिथून कोलेसिस्टोकायनिन, जीएलपी-1 यांसारखी संप्रेरके स्रवतात आणि पुरे झाल्याची जाणीव पक्की करतात. या सगळ्याला साधारण 15 ते 20 मिनिटे लागतात. सकाळी नऊला चहा घेतलेली व्यक्ती अडीच वाजता ताटावर बसते, तेव्हा ती भुकेने इतकी व्याकूळ झालेली असते की पहिल्या सात-आठ मिनिटांतच जेवण जवळजवळ उरकते आणि सूचना पोहोचेपर्यंत गरजेपेक्षा जास्त अन्न पोटात गेलेले असते. उरलेसुरले संपवण्याचे काम त्याच्याही नंतरचे असते. म्हणजे तुमच्या बाबतीत दोन गोष्टी एकावर एक रचल्या गेल्या आहेत, आणि दोन्हींचे मूळ तुम्ही सर्वांत शेवटी जेवता यात आहे.

म्हणून पहिला बदल तुमच्या जेवणात नव्हे, तर घराच्या क्रमात करावा लागेल. तुम्ही इतरांबरोबर जेवायला बसावे. ते रोज शक्य नसेल, तर स्वतःचे ताट वाढून घेण्यापूर्वी उरलेले सगळे अन्न डब्यांत काढावे, झाकणे लावावीत, डबे फ्रीजमध्ये ठेवावेत, पातेली मोरीत टाकावीत आणि मगच ताटावर बसावे. ही कृती छोटी दिसते, परंतु माझ्या मते तुमच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर तिच्यातच आहे. कारण उरलेल्या अन्नाचे काय करायचे याचा निर्णय तुम्ही भूक लागलेली असताना, पण जेवायला सुरुवात होण्याआधी घेता, आणि जेवताना तो प्रश्न समोर राहतच नाही. भाताबाबत मात्र एक काळजी घ्यावी : शिजलेला भात दोन तासांच्या आत थंड करून फ्रीजमध्ये ठेवावा, कारण बाहेर राहिलेल्या भातात वाढणाऱ्या काही जंतूंचे विष पुन्हा गरम केल्यानेही नष्ट होत नाही. संध्याकाळी त्याचा फोडणीचा भात होईल आणि चपात्या असतील तर कुस्करा होईल. सतत उरत असेल, तर कणीकच कमी भिजवावी. कोण किती चपात्या खाणार हे सकाळी विचारून घेण्यात काहीही गैर नाही.

अन्न टाकू नये, हा संस्कार मला मोलाचा वाटतो आणि तो सोडा असे मी कधीच सांगणार नाही. परंतु नातवाच्या ताटात उरलेली भाजी आजीने खाल्ली, म्हणून ती वाचली असे होत नाही. शरीराला नको असलेले अन्न पोटात घालणे हेही अन्नाचे वाया जाणेच आहे, आणि त्याची किंमत तुम्ही जळजळीच्या व साखरेच्या रूपाने मोजत आहात. नातवाला कमी वाढावे व लागल्यास पुन्हा वाढावे. ही जबाबदारी घरातील वाढणाऱ्या प्रत्येकाची आहे. घरातील उरलेले संपवण्याचे काम वर्षानुवर्षे एकाच बाईकडे राहावे, ही रीत मला अन्यायकारक वाटते, आणि हे उत्तर तुम्ही घरात सर्वांना वाचून दाखवलेत तर बरे होईल.

दुसरा बदल भुकेच्या बाबतीत आहे. साडेअकराच्या सुमारास मूठभर फुटाणे, एखादे फळ किंवा भांडेभर ताक घ्यावे. वाढीव खाणे टाळण्यासाठी आधी काहीतरी खा, हा सल्ला उलटा वाटेल. पण अडीच वाजता ताटावर बसताना भूक आवाक्यात असली, तरच सावकाश जेवता येते.

तिसरी गोष्ट आपल्या जेवणाच्या पद्धतीशी निगडित आहे. आधी चपाती-भाजी, मग आमटी-भात, शेवटी ताकभात असा आपला क्रम असतो. एका चवीने मन भरले की त्या पदार्थाची गोडी कमी होते, परंतु नवी चव समोर आली की खाण्याची इच्छा पुन्हा जागी होते. आहारविषयक संशोधक बार्बरा रोल्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1981 मध्ये प्रयोगांच्या आधारे हे दाखवले. भरल्या पोटीही श्रीखंडाला जागा होते, त्याचे कारण हेच. तेव्हा भात नंतर घेऊ असे न म्हणता, जेवढा घ्यायचा तेवढा तो चपातीबरोबर सुरुवातीलाच ताटात वाढून घ्यावा. संपूर्ण जेवण एकदा डोळ्यांसमोर आले की किती खाणार आहोत याचा अंदाज येतो. पोटाचे चार भाग कल्पून दोन अन्नाने आणि एक द्रव पदार्थांनी भरावा व चौथा मोकळा ठेवावा, असे वाग्भटाने अष्टांगहृदय या आयुर्वेदाच्या ग्रंथात सांगितले आहे. तो चौथा भाग जेवणाच्या शेवटी सापडत नाही, वाढून घेतानाच त्याची सोय करावी लागते.

हे अंगवळणी पडायला किती काळ लागेल, असे तुम्ही विचाराल. लंडनमध्ये 96 जणांवर झालेल्या आणि 2010 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात नवी सवय आपोआप घडू लागायला सरासरी 66 दिवस लागले. कोणाला 18 दिवस पुरले, तर कोणाच्या बाबतीत तो काळ 254 दिवसांपर्यंत जाईल असा अंदाज निघाला. मधला एखादा दिवस चुकल्याने सवय घडण्यात विशेष अडथळा आला नाही, हा त्यातील भाग मला अधिक महत्त्वाचा वाटतो. बुधवारी चुकले, तर पुढच्या सोमवारची वाट न पाहता गुरुवारी पुन्हा डबे भरून मगच जेवायला बसावे.

एचबीए1सी 5.7 ते 6.4 असणे म्हणजे मधुमेहाची पूर्वावस्था. या टप्प्यावर केलेले बदल वाया जात नाहीत. मधुमेहाचा धोका असलेल्या भारतीयांवर चेन्नईत झालेल्या आणि 2006 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आहार व चालण्यातील बदलांमुळे मधुमेह होण्याचे प्रमाण सुमारे 28 टक्क्यांनी कमी झाल्याचे आढळले. एका मध्यम चपातीतून साधारण 100 ते 120 कॅलरी मिळतात, म्हणजे तुमच्या ताटात रोज येणाऱ्या त्या जादा भागाचा हिशेब छोटा नाही. जेवणानंतर लगेच आडवे होऊ नये, दोन-तीन तास जाऊ द्यावेत; जळजळीला त्याने उतार पडतो.

प्रश्न : मी 27 वर्षांचा असून पुण्यात नोकरीनिमित्त एकटा राहतो. रात्रीचे जेवण व्यवस्थित होते. तरीही नंतर मोबाइल पाहता पाहता फरसाण, वेफर्स, बिस्किटे यांचे पुडे संपतात. भूक अजिबात नसते. हे कसे थांबवावे?

उत्तर : दिवसभरात तुम्ही काय खाता, हे पत्रात लिहिलेले नाही. रात्री असे खाणाऱ्या अनेकांचा दिवस चहा-बिस्किटांवर आणि घाईतल्या अर्ध्यामुर्ध्या डब्यावर निघालेला असतो, तेव्हा आधी ते तपासावे. सकाळी पोटभर नाश्ता आणि दुपारी डाळ किंवा उसळ असलेले जेवण ठेवून एक आठवडा पाहावे.

पुड्यातील पदार्थांचा प्रश्न वेगळा आहे. अमेरिकेतील राष्ट्रीय आरोग्य संस्थेत झालेल्या आणि 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात केव्हिन हॉल आणि सहकाऱ्यांनी 20 प्रौढांना दोन आठवडे अतिप्रक्रियायुक्त, म्हणजे कारखान्यात तयार होणारे, आणि दोन आठवडे कमी प्रक्रिया केलेले अन्न दिले. समोर मांडलेल्या दोन्ही प्रकारच्या जेवणांत कॅलरी, साखर, चरबी, तंतू (फायबर) व मीठ यांचे प्रमाण सारखे होते आणि हवे तेवढे खाण्याची मुभा होती. पहिल्या प्रकारचे अन्न असताना त्याच माणसांनी दिवसाला सुमारे 500 कॅलरी जास्त खाल्ल्या, आणि खाण्याचा वेगही अधिक होता. हे पदार्थ मऊ किंवा कुरकुरीत असतात, फारसे चावावे लागत नाहीत आणि पटकन गिळले जातात. त्यात लक्ष मोबाइलकडे असेल, तर किती खाल्ले याची नोंद मनात नीट होत नाही.

म्हणून पुडा घेऊन बसू नये. खायचेच असेल तर वाटीत काढावे, पुडा बंद करून स्वयंपाकघरात ठेवावा आणि मोबाइल बाजूला ठेवून ती वाटी खावी. मोठे पुडे विकत आणू नयेत. रात्री साडेअकराला दुकानापर्यंत जावे लागणार असेल, तर बहुतेक वेळा इच्छा तिथेच विरते. त्या वेळी नेमके काय हवे असते, हेही स्वतःला प्रामाणिकपणे विचारावे. एकट्या खोलीत दिवसभराचा शीण उतरवायला खाण्याखेरीज दुसरे काही हाताशी नसणे, ही गोष्ट मी किरकोळ मानत नाही. त्या वेळेत घरी फोन करावा किंवा मित्राबरोबर चालून यावे. आणि डोळे मिटत असतील तर सरळ झोपावे. अपुऱ्या झोपेने भूक वाढवणारे घ्रेलिन हे संप्रेरक वाढू शकते, त्यामुळे जागरण आणि खाणे ही दोन्ही एकमेकांना वाढवत राहतात.

प्रश्न : लग्नकार्यात आणि सणावारी आग्रह मोडवत नाही. कोणालाही न दुखावता नाही कसे म्हणावे?

उत्तर : रिकाम्या ताटाला आग्रह होतो. म्हणून शेवटचे दोन घास आणि थोडी कोशिंबीर ताटात राहू द्यावी आणि शेजारच्यांचे होत आले की ती संपवावी. गोड पदार्थ मुळातच अर्धा मागून घ्यावा. वाढून झाल्यावर नाही म्हणण्यापेक्षा वाढण्याआधी अर्धा द्या म्हणणे यजमानालाही सोपे जाते. यजमानांना मात्र मी स्पष्ट सांगेन की एकदा विचारावे, पाहुण्याने नको म्हटले की वाढप्याने पुढे जावे. ज्याला मधुमेह आहे हे माहीत आहे, त्याच्या पानात बळेच जिलेबी वाढण्यात कसलेही प्रेम नाही.

प्रश्न : आठवड्यातून दोन-तीनदा मी सगळे झोपल्यावर पोट दुखेपर्यंत खाते. मध्येच थांबता येत नाही. नंतर इतकी शरम वाटते की दुसऱ्या दिवशी मी काहीच खात नाही. घरात कोणालाही ठाऊक नाही. हे कित्येक महिने चालू आहे.

उत्तर : तुम्ही लिहिलेत, हे फार चांगले केलेत. वरच्या उत्तरांतील वाटीचे आणि डब्याचे उपाय तुमच्यासाठी पुरेसे नाहीत. थोड्या वेळात भरपूर खाणे, त्या वेळी स्वतःवर ताबा न राहणे, लपून खाणे आणि नंतर तीव्र अपराधी वाटणे हे आठवड्यातून निदान एकदा, तीन महिने होत असेल, तर तो एक आजार असू शकतो. 2013 पासून मानसिक आजारांच्या अमेरिकी वर्गीकरणात त्याची स्वतंत्र नोंद आहे. त्यावर उपचार आहेत. विचार आणि वर्तन यांवर काम करणाऱ्या मानसोपचारांचा त्यात चांगला उपयोग होतो.

एक गोष्ट आजपासूनच करावी : दुसऱ्या दिवशीचा उपास बंद करावा. त्याने शरीराची भूक साठत जाते आणि पुढची तशी रात्र जवळ येते. रात्री कितीही खाल्ले गेले असले, तरी सकाळी नेहमीचा नाश्ता करावा. खाल्ल्यावर तुम्ही मुद्दाम उलटी करत असाल किंवा जुलाबाची औषधे घेत असाल, तर उपचारांना उशीर करू नये. त्याने रक्तातील पोटॅशियम कमी होऊन हृदयाच्या ठोक्यांवर परिणाम होऊ शकतो. काही औषधांनीही, उदाहरणार्थ स्टिरॉइड किंवा मानसिक आजारांवरील ओलान्झापिनने, भूक फार वाढते; तशी औषधे चालू असतील तर ती स्वतःच्या मनाने बंद न करता डॉक्टरांना विचारावे.

सुरुवात मानसोपचारतज्ज्ञांपासून करावी. तिथे जाणे लगेच जमणार नसेल, तर केंद्र सरकारच्या टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या दूरध्वनी सेवेचा 14416 हा क्रमांक दिवसरात्र विनामूल्य चालू असतो आणि मराठीतही बोलता येते. पहिल्या भेटीत काय सांगावे हे सुचले नाही, तर तुम्ही मला पाठवलेल्या या चार ओळी कागदावर उतरवून डॉक्टरांच्या हाती द्याव्यात. पुढचे प्रश्न ते विचारतील.