गावाकडं नेण्यासाठी चिनी वस्तू मागवताय? वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

आखातात, जर्मनीत, अमेरिकेत राहणाऱ्या मराठवाड्यातल्या वाचकांकडून या वेळी आलेल्या पत्रांत एक गोष्ट सारखी दिसली. वस्तू चिनी विक्रेत्याकडून मागवली जाते, घरपोच येते परदेशातल्या पत्त्यावर आणि चालवायची असते गावी. विकत घेताना तिथली लाइट, तिथलं सिमकार्ड, तिथलं ऊन यांचा विचार होत नाही. बहुतेक तक्रारींचं मूळ तिथंच आहे, म्हणून उत्तरं देताना आम्ही मुक्काम गाव धरला आहे.

प्रश्न : २ टीबीचा पेनड्राइव्ह आणि ९,९०० एमएएचचे १८६५० सेल किरकोळ किमतीत दिसतात. हजारो लोकांनी पाच तारे दिलेत. सुट्टीत गावी नेऊन भावकीत वाटावेत असा विचार आहे. घ्यावेत का?
— एक वाचक, शारजा (मूळ गाव औसा)

दोन्ही घेऊ नका. १८६५० म्हणजे १८ मिमी जाडीचा, ६५ मिमी लांबीचा सेल. नामांकित कंपनीच्या चांगल्यातल्या चांगल्या सेलमध्येही साधारण ३,५०० एमएएच बसतात. त्यामुळे ९,९०० हा आकडा पाहिला की पुढचं काही वाचायची गरज नाही. खरा सेल ४५ ते ४८ ग्रॅम भरतो, बनावट बऱ्याचदा ३५ ग्रॅमच्या आतच असतो. सोनाराच्या काट्यासारखा छोटा डिजिटल काटा जवळ असेल तर आधी वजन करा. पुढची खात्री हवी असेल तर सेल रिकामा करून क्षमता मोजणारा चार्जर मिळतो. ५०० मिलिअँपिअरने ३,००० चा सेल रिकामा व्हायला सहा तास लागायला हवेत. दीड-दोन तासांत संपला तर आत काय आहे ते कळलंच.

गावी सेलचा जास्त घात उन्हाळा करतो. लिथियमचे सेल ४५ अंशांच्या वर चार्ज करायचे नसतात. मे महिन्यात बाहेर ४२ असेल तर पत्र्याच्या शेडमध्ये दुपारी त्यापेक्षा बरंच जास्त असतं. विजेरी असो की सौर दिवा, शेडमध्ये ठेवून चार्ज करायचाच असेल तर रात्री करा.

पेनड्राइव्हचं वेगळं. आत ३२ किंवा ६४ जीबीची चिप असते आणि कंट्रोलरमध्ये फेरफार करून कॉम्प्युटरला २ टीबी असल्याचं सांगितलेलं असतं. खरी जागा भरली की नवा डेटा जुन्यावर लिहिला जातो किंवा हवेत जातो. फाइलचं नाव दिसत राहतं, उघडायला गेलं की उघडत नाही. लग्नाचे फोटो टाकून सहा महिन्यांनी पाहिल्यावर हे लक्षात येतं, आणि तारे मात्र पार्सल मिळाल्या दिवशीच दिलेले असतात. म्हणून अशा वस्तूंच्या ताऱ्यांवर आमचा भरवसा नाही. फोटोसह आलेले आणि एक-दोन तारे दिलेले अभिप्राय आधी वाचा.

आधीच घेतला असेल तर विंडोजवर ‘एच२टेस्टडब्ल्यू’ चालवा. लिनक्स किंवा मॅकवर ‘एफ३’ हे साधन आहे, त्यात आधी एफ३राइट आणि मग एफ३रीड. पूर्ण जागा भरून परत वाचायची असते, त्यामुळे सेकंदाला १० एमबी वेगाने ६४ जीबी नुसते लिहायलाच पावणेदोन तास लागतात. शेवटी किती जीबी ठीक आणि किती गेले याचा आकडा येतो. त्या पडद्याचा फोटो काढून ठेवा, पैसे परत मागताना तोच पुरावा.

प्रश्न : वसमतजवळ आमची हळद आहे. मातीतला ओलावा मोजून घरी कळवणारी व्यवस्था करायची आहे. इथून सेन्सर, ईएसपी३२ (वाय-फाय असलेला छोटा नियंत्रक बोर्ड) आणि लोरा मॉड्यूल (लांबवर संदेश पाठवणारा रेडिओ) घेऊन येणार आहे. काय पाहून घ्यावं?
— एक वाचक, जर्मनी (मूळ गाव वसमत)

विचार चांगला आहे, आणि हा माल चिनी विक्रेत्यांकडून घेण्यात काही गैर नाही. यात घरची २३० व्होल्टची लाइट येत नाही, बिघडलं तर नुकसान किरकोळ, आणि वस्तू मिळाल्याबरोबर टेबलावर तपासता येते.

सेन्सर दोन जातींचे मिळतात. दोन उघडे काटे असलेला घेऊ नका. काट्यांतून वीज वाहते, ओल्या मातीत विद्युत्-विघटन होऊन मुलामा उडतो आणि काही आठवड्यांतच आकडे भरकटतात. सपाट पट्टीसारखा, काळा, ‘कपॅसिटिव्ह’ लिहिलेला घ्या. यातही खोड आहे. पट्टीवरच्या आठ पायांच्या चिपवर ‘टीएलसी५५५’ छापलेलं हवं. बऱ्याच पट्ट्यांवर ‘एनई५५५’ लावलेली येते. तिला किमान ४.५ व्होल्ट लागतात, पण पट्टीवरचा रेग्युलेटर ३.३ च देतो. मग ती कधी चालते, कधी नाही. दुसरा दोष डोळ्यांना दिसत नाही. आउटपुट आणि ग्राउंड यांच्यात मल्टिमीटर लावला की सुमारे १० लाख ओहम दिसायला हवेत. काही मालात हा रेझिस्टर ग्राउंडला जोडलेलाच नसतो. अशी पट्टी पाण्यात बुडवली तरी आकडा बदलायला कितीतरी वेळ घेते. १० मागवल्या तर दहाही तपासा, एकीवर विसंबू नका.

पट्टीवर हिरवा-काळा लेप असला तरी कापलेल्या कडा उघड्या असतात. तिथून पाणी आत शिरतं. कडांना पारदर्शक व्हार्निश किंवा इपॉक्सीचे दोन-तीन हात द्या. वरच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या भागावर आतून गोंद असलेली हीट-श्रिंक नळी चढवा. एवढं न करता पट्टी मातीत गाडली तर पावसाळा निघत नाही.

आता काळ्या मातीची गोष्ट. ती वाळली की आक्रसते, भेगा पडतात, आणि पट्टीपासून माती सुटते. मधे हवा आली की सेन्सर ‘कोरडं’ सांगतो, जरी वीतभर बाजूला ओल असली तरी. म्हणून पट्टी वाफ्यात गड्ड्यांच्या पातळीला, १५ सेंटिमीटरच्या आसपास, चिखलात दाबून बसवा. एका वाफ्यात किमान दोन ठेवा आणि दोन्ही आकड्यांत फार फरक पडला की जाऊन माती पाहा. आकडे प्रत्येक पट्टीचे वेगळे असतात. कोरड्या हवेतला आकडा एकदा लिहून ठेवा. भरपूर पाणी दिल्यावर दुसऱ्या दिवशीचा आकडा दुसरं टोक धरा. ईएसपी३२ ला जोडताना ३२ ते ३९ या क्रमांकांच्या पायांवरच जोडा. दुसऱ्या गटाचे अॅनालॉग पाय वाय-फाय चालू असताना चालत नाहीत, आणि लोक सेन्सरला दोष देत बसतात.

लोराच्या बाबतीत तुम्ही जर्मनीत आहात हे बरं झालं. भारतात ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झ हा पट्टा विनापरवाना वापरता येतो. युरोपातलं ८६८ चं मॉड्यूल सॉफ्टवेअरमध्ये ८६६ वर बसवलं की त्याच अँटेनावर चालतं. अमेरिकेत ९१५ वर बसवलेलं यंत्र तसंच्या तसं भारतात चालवू नका. नाव बारकाईनं वाचा: ‘आरए-०२’ हे मॉड्यूल ४३३ च्या पट्ट्यातलं आहे, ‘आरए-०१एच’ ८६६ ला चालतं. दिसायला दोन्ही जवळपास सारखीच. आणि अँटेना लावल्याशिवाय संदेश पाठवू नका, प्रक्षेपणाचा भाग जळू शकतो.

प्रश्न : टाइप-सीची विजेरी घेतली. मोबाइलच्या नव्या चार्जरवर चार्जच होत नाही, जुन्यावर होते. विजेरी खराब आहे का?
— एक वाचक, मस्कत

खराब नाही, दोन पैशांचे दोन रेझिस्टर वाचवलेले आहेत. दोन्ही टोकांना टाइप-सी असलेल्या केबलवर चार्जर आधी समोरच्या वस्तूतले ५.१ किलोओहमचे रेझिस्टर शोधतो. ते सापडले नाहीत तर ५ व्होल्ट सोडतच नाही. एका टोकाला जुनं चपटं यूएसबी असलेली केबल वापरा, तिच्यात ५ व्होल्ट कायम असतात.

प्रश्न : मोसंबीच्या विहिरीवरची मोटर मोबाइलवरून चालू-बंद करायला सिमकार्डावर चालणारं सिम८००एल मॉड्यूल आणलं. दर थोड्या वेळाने बंद पडून पुन्हा सुरू होतं. नेटवर्कही धरत नाही.
— एक वाचक, कुवेत (मूळ गाव अंबड)

दोन स्वतंत्र अडचणी आहेत. हे मॉड्यूल फक्त टू-जीवर चालतं. जिओकडे टू-जी नाहीच, तेव्हा जिओचं सिम त्यात कधीच चालणार नाही. एअरटेल किंवा व्हीआयचं सिम टाकून पाहा. दिवा सेकंदाला एकदा लुकलुकत असेल तर ते नेटवर्क शोधतंय, तीन सेकंदांनी एकदा लुकलुकला तर नेटवर्क मिळालं.

बंद पडण्याचं कारण वीजपुरवठा. त्याला ३.४ ते ४.४ व्होल्टच लागतात. आर्डुइनोच्या (मॉड्यूल चालवणाऱ्या छोट्या बोर्डच्या) ५ व्होल्टच्या पायावरून दिलं तर जास्त, ३.३ वरून दिलं तर कमी. शिवाय नेटवर्कशी बोलताना ते क्षणभर २ अँपिअरपर्यंत ओढतं आणि बारीक तारांत व्होल्टेज पडतं. बक कन्व्हर्टर (व्होल्टेज कमी करून स्थिर ठेवणारी पट्टी) घ्या, मॉड्यूल जोडण्याआधी मल्टिमीटर लावून ४.० व्होल्टवर बसवा, मॉड्यूलच्या पायांना अगदी चिकटून १,००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावा, तारा जाड आणि आखूड ठेवा.

नव्यानं घेणार असाल तर फोर-जीचं मॉड्यूल घ्या. एकाच नावाच्या मॉड्यूलचे शेवटचं अक्षर बदलून वेगवेगळ्या देशांसाठी प्रकार निघतात. माहितीपत्रकात बी३, बी५ आणि बी४० हे तिन्ही बँड (फोर-जीचे रेडिओ पट्टे) आहेत ना, ते पाहा. खेड्यात बी५ ची पोच महत्त्वाची.

आणि एक फार महत्त्वाचं. या किटमधल्या निळ्या रिलेवर २५० व्होल्ट लिहिलेलं असतं. तुमच्या स्टार्टरची कॉइल ४१५ व्होल्टची असेल तर तो रिले थेट तिथं लावू नका. मधे ४१५ ला चालणारा कॉन्टॅक्टर हवा, आणि तेवढं काम वायरमनकडूनच करून घ्या.

प्रश्न : इथून ‘गिफ्ट’ लिहून घरी पार्सल पाठवलं तर कस्टम लागत नाही म्हणतात. खरं का? आणि इथला सोल्डरिंग सेट तिकडं चालेल का?
— एक वाचक, अमेरिका (मूळ गाव लातूर)

ती सवलत गेली. डिसेंबर २०१९ पासून भेट म्हणून, पूर्ण कर न भरता, टपालानं किंवा कुरिअरनं वस्तू आणायला भारतात बंदी आहे, अपवाद फक्त राखी आणि जीव वाचवणाऱ्या औषधांचा. चिनी वस्तू विकणाऱ्या अलीएक्सप्रेस या संकेतस्थळावर भारतात २४ नोव्हेंबर २०२० पासून बंदी आहे, त्यामुळे घरच्यांना थेटही मागवता येत नाही. राहिला सोपा मार्ग सामानातून आणण्याचा. मुंबईला उतरा की हैदराबादला, बिलं जवळ ठेवा. एकच वस्तू डझनभर दिसली की ती विक्रीसाठी आहे का, असा प्रश्न येणारच. करमुक्त मर्यादेचा आकडा बदलत असतो, तिकीट काढाल तेव्हाचा नियम पाहून घ्या. ड्रोन मात्र कुणीही सांगितलं तरी आणू नका, फेब्रुवारी २०२२ पासून त्याची आयात बंद आहे.

पॉवर बँक आणि सुटे सेल हातातल्या बॅगेत, सुट्या सेलच्या टोकांना चिकटपट्टी लावून. मर्यादा १०० वॉट-तास. एमएएचला ३.७ ने गुणून हजारानं भागा: २०,००० चे ७४ होतात, चालतं. ३०,००० चे १११ होतात, त्याला विमान कंपनीची परवानगी लागते.

सोल्डरिंग सेटच्या पाठीवर ‘१००-२४०’ असेल तर फक्त पिनेचा अॅडॉप्टर पुरे. नुसतं ‘१२०’ असेल तर २३० वर तो साडेतीन पटीहून जास्त वीज खाईल आणि पहिल्याच मिनिटाला जाईल. तसं तुम्ही तिथं असताना मागवण्यातही आता पूर्वीइतका फायदा नाही. चीनहून येणाऱ्या ८०० डॉलरपर्यंतच्या पार्सलची करमाफी २ मे २०२५ ला बंद झाली. किंमत कर धरून पाहा, कित्येक सुटे भाग पुण्या-मुंबईच्या ऑनलाइन दुकानांत त्याच भावात पडतात.

प्रश्न : आलेली वस्तू बंद आहे. विक्रेता म्हणतो, आधी तक्रार मागे घ्या, मग नवी पाठवतो. काय करावं?
— एक वाचक, मेलबर्न (मूळ गाव परभणी)

तक्रार मागे घेऊ नका. मागे घेतली की बऱ्याचदा ती पुन्हा उघडता येत नाही, आणि नवी वस्तू येईपर्यंत मुदत निघून गेलेली असते. विक्रेत्यांना हे चांगलं ठाऊक असतं. अलीएक्सप्रेसवर ऑर्डर पूर्ण झाल्यापासून साधारण १५ दिवसांत तक्रार नोंदवावी लागते, त्यामुळे वस्तू तपासल्याशिवाय ‘मिळाली’ हे बटण दाबू नका. बोलणं संकेतस्थळाच्या आतच ठेवा, व्हॉट्सअॅपवरचं आश्वासन तिथं ग्राह्य धरत नाहीत. पार्सल फोडतानाचा सलग व्हिडिओ हवा: आधी पत्त्याची चिठ्ठी, मग खोका, मग वस्तू जोडून बंद असल्याचं. विक्रेत्यानं लिहिलेला दावा आणि तुमचं मोजमाप एकाच फोटोत दिसेल असं पाहा. निम्मे पैसे देऊ केले तर वस्तू खरोखर निम्म्या कामाची आहे का, एवढंच तपासून ठरवा.

प्रश्न : मोटरच्या पेटीत फेज तपासायला इकडून स्वस्त मल्टिमीटर पाठवू का? त्यावर ‘कॅट-३, ६०० व्होल्ट’ लिहिलंय.
— एक वाचक, दोहा (मूळ गाव माजलगाव)

पेटीसाठी नाही. ‘कॅट-३’ म्हणजे पेटीच्या वायरिंगवर वापरण्याइतकी सुरक्षेची श्रेणी, पण ती अक्षरं छापायला कुणी अडवत नाही, आणि अशा वस्तूंवरचा, युरोपच्या नियमांत बसते असं सांगणारा सीई शिक्काही बहुतेक वेळा उत्पादकानं स्वतःच मारलेला असतो. मागचं झाकण उघडून फ्यूज पाहा. छोटी काचेची नळी दिसली तर तो मीटर ४१५ व्होल्टच्या थ्री-फेजसाठी नाही. डीपीवरून येणारा करंट त्या नळीतून थांबत नाही, काच फुटून आतच ठिणगी चालू राहते. तार चुकून अँपिअरच्या भोकात राहिली आणि टोकं दोन फेजना टेकली की सरळ शॉर्ट, तोही हातात. आत वाळू भरलेला चिनी मातीचा, ‘एचआरसी’ म्हणतात तो फ्यूज हवा, आणि मीटरवर यूएल, टीयूव्ही किंवा इंटरटेकसारख्या तिसऱ्या संस्थेचा शिक्का हवा. तो विश्वासू दुकानातून, बिल घेऊन घ्या. स्वस्तातला मीटर वडिलांना द्यायचाच असेल तर ट्रॅक्टरची १२ व्होल्टची बॅटरी आणि सौर दिव्याचे सेल तपासायला द्या, आणि लाल तार ‘व्होल्ट’च्या भोकातून कधीच काढायची नाही हे त्यावर रंगानं लिहून द्या.