पिकअपच्या बॅटरीचे माप

प्रश्न : मी जुनी डिझेल पिकअप विकत घेतली असून तिच्यातून अंबडहून जालन्याच्या बाजारात मोसंबी नेतो. हल्ली सकाळी सेल्फ उचलत नाही. बॅटरीवरचे लेबल पुसले गेले आहे आणि आधीच्या मालकाने ती ट्यूबच्या पट्टीने बांधलेली आहे. एक दुकानदार ६५ एएच (अँपिअर-तास), दुसरा ८० आणि तिसरा १०० ची बॅटरी सुचवतो. मोठी बॅटरी बसवली तर डायनामो जळतो, असे मिस्त्रीचे म्हणणे आहे. नेमकी कोणती घ्यावी?
— एक वाचक, अंबड (जि. जालना)

उत्तर : तिन्ही दुकानदारांनी आपल्याला क्षमतेचा आकडा सांगितला, आकार कोणीच सांगितला नाही. मूळ मापाची बॅटरी असती, तर कंपनीच्या क्लॅम्पमध्ये ती घट्ट बसली असती आणि ट्यूबची गरज पडली नसती. म्हणून सध्याची बॅटरी नमुना म्हणून दुकानात नेऊ नये. गाडीसोबतची माहितीपुस्तिका मिळाल्यास उत्तमच. नाहीतर मॉडेल व वर्ष सांगून बॅटरी कंपनीचा तक्ता दाखवण्यास सांगावे आणि टेपने ट्रेची लांबी-रुंदी व बॉनेटपर्यंतची उंची मोजून न्यावी. उंची चुकली, तर खड्ड्यात गाडी आदळताच धन टर्मिनल बॉनेटला टेकून ठिणगी उडू शकते.

बॅटरीवर ९५डी३१आर अशा धाटणीचे नाव असते. त्यातील ९५ म्हणजे ९५ एएच नव्हे, तो कामगिरीचा क्रमांक आहे. ‘डी’वरून सुमारे १७३ मिलिमीटर रुंदी कळते आणि ३१ ही सेंटिमीटरमधील अंदाजे लांबी असते. खरी फसगत शेवटच्या अक्षरात होते. टर्मिनल आपल्याकडे येतील अशी बॅटरी ठेवली, तर ‘आर’ प्रकारात धन टर्मिनल डावीकडे आणि ‘एल’ प्रकारात उजवीकडे येते, म्हणजे अक्षरावरून कोणीही काढील त्याच्या नेमके उलट. बाजू चुकली की धन वायर पोहोचत नाही आणि मग कोणीतरी ती ताणून बसवतो. चिन्ह पुसले असेल, तर जाड असलेला खुंट धन समजावा.

आता क्षमतेविषयी. ८० एएच म्हणजे २० तास ४ अँपिअर प्रवाह देण्याची क्षमता. डिझेल इंजिनात हवेचा दाब जास्त असल्याने सेल्फला मोठा प्रवाह लागतो, त्यामुळे कंपनीने ठरवलेल्या आकड्याच्या खाली जाऊ नये. त्याहून एक पायरी वरची बॅटरी ट्रेमध्ये बसत असेल, तर केवळ तेवढ्याने डायनामो जळत नाही; सेल्फ लागेल तेवढाच प्रवाह ओढतो. १०० ची बॅटरी मात्र बहुधा मोठ्या पेटीत येते, तेव्हा ती घेण्याआधी टेप पुन्हा काढावा. थंडीत इंजिन सुरू करण्याच्या ताकदीचा जो आकडा विक्रेते आवर्जून दाखवतात, तो उणे १८ अंश सेल्सिअसवर मोजलेला असतो. आपल्याकडे बॅटरी खराब होते ती बॉनेटखालच्या उकाड्याने.

पैसे देण्यापूर्वी एक तपासणी अवश्य करावी. इंजिन चालू असताना मल्टिमीटरवर साधारण १३.८ ते १४.४ व्होल्ट दिसायला हवेत. १३ पेक्षा कमी दिसल्यास दोष डायनामोचा, त्याच्या पट्ट्याचा किंवा वायरिंगचा असू शकतो आणि नवी बॅटरीही काही दिवसांत उतरेल. बॅटरी काढताना ऋण वायर आधी सोडावी, बसवताना ती शेवटी जोडावी. जुन्या बॅटरीतील शिशाची किंमत नव्या बॅटरीच्या बिलातून वळती करून घ्यावी, आणि ट्यूबची ती पट्टीही तिच्यासोबत दुकानातच ठेवून यावी.